श्पेअरनं हिटलरचा विध्वंसाचा हुकूम खरंच मोडला का?

खडूधारी

मंडळी, मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नववीला दुसरं महायुद्ध आलं की शेवटच्या तासाला एक गोष्ट सांगायचे आणि वर्ग हमखास चिडीचूप व्हायचा. मार्च १९४५. पूर्वेला रशियन ओडर नदीवर येऊन ठेपलेले, पश्चिमेला अमेरिकनांनी रेमागेनचा पूल घेऊन ऱ्हाईन ओलांडलेली. अशात हिटलर फर्मान काढतो की शत्रूच्या हाती काही लागता कामा नये. रेल्वे, पूल, टेलिफोन, कारखाने, पुरवठ्याच्या सोयी, जे जे त्याच्या कामाचं ते सगळं उडवा. आणि त्याचाच लाडका वास्तुविशारद आणि शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअर जिवावर उदार होऊन भागाभागात फिरतो, लोकांना समजावतो, हुकूम हाणून पाडतो. मी शेवटी म्हणायचे, "बघा, त्या टोळक्यातही एकाला लाज वाटली."

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, हे सांगितलं कोणी?"

मी म्हटलं, त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

"अच्छा," म्हणाली आणि खाली बसली. त्या पोरीचा तो "अच्छा" मला अजून टोचतोय.

आता आमच्या वाचनगटात पुढच्या शनिवारी मला याच विषयावर बोलायचंय. म्हणून त्याच्या १९६९ साली आलेल्या आठवणी पुन्हा काढल्या, आणि या वेळी पेन्सिल हातात घेऊन वाचल्या. १८ मार्चच्या रात्री तो युद्ध हरल्याचं सांगणारं टिपण घेऊन हिटलरकडे गेला. बारा वाजून गेले, १९ मार्च उजाडला, तो त्याचा चाळिसावा वाढदिवस. त्याच भेटीत त्यानं हिटलरकडे त्याचा सहीचा फोटो मागितला आणि तो मिळालाही. हे त्यानंच लिहिलंय. विध्वंसाचा हुकूम निघाला तो त्याच १९ तारखेचा. एवढी वर्षं मी या पानावरून सरळ पुढे जात होते. एका हातात विरोधाचा कागद आणि दुसऱ्या हातात भेटीचा फोटो, हे या वेळी डोळ्यांत खुपलं.

तर प्रश्न साधा आहे. त्यानं हुकूम मोडला की नाही? मोडला असेल तर किती, आणि त्याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या शब्दांबाहेर कुठे आहे? जाणकारांनी सांगावं. रागावलात तरी चालेल, पण गोलमाल नको.

---

सरळसोट

बाई, उगाच स्वतःला कोसू नका, तुम्ही बरोबरच शिकवत होतात. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालपत्रातच आहे की युद्ध हरलंय हे हिटलरला तोंडावर सांगायचं धाडस दाखवणाऱ्या मोजक्या लोकांत हा होता आणि कारखान्यांचा निरर्थक विध्वंस त्यानं स्वतः धोका पत्करून रोखला. न्यायाधीश काही त्याचे मेव्हणे नव्हते. फाशीऐवजी २० वर्षं मिळाली, ती त्यानं श्पांडाऊच्या तुरुंगात पुरती भोगली, १९६६ मध्ये सुटला. माणूस नाझी होता, मान्य. पण एक बरं काम केलं असेल तर तेही मान्य करायला काय जातं? हल्ली कुणालाही काही श्रेय द्यायचंच नाही अशी फॅशन झालीय.

---

पानापकड

खडूधारीबाई, इतिहासातलं मला बेताचंच कळतं, पण कारखाना बंद पाडणं हा माझा विषय. ३४ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली बरीचशी वीजकेंद्रात. म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

या सगळ्या प्रकरणात एक जर्मन शब्द सारखा येतो, "लेमुंग". म्हणजे लकवा. कारखाना उडवायचा नाही, त्याला लकवा आणायचा. सगळी भानगड या एका शब्दात आहे, आणि ज्यानं मशीन उघडलेलं नाही त्याच्या ती चटकन लक्षात येत नाही.

उडवणं म्हणजे काय? जनरेटरच्या पायाखाली सुरुंग. पाया तडकला, शाफ्ट वाकला, की पुढचं वर्ष-दीड वर्ष विसरा. लकवा म्हणजे काय? टर्बाइनचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, काढून घ्या, पॅनलमधले रिले काढा, खास मापाची चार बेअरिंगं काढा, ग्रीसच्या कागदात गुंडाळा आणि ट्रकमध्ये घालून मागे न्या. मशीन जागेवर उभं, पुसूनपासून चकचकीत, आणि मेलेलं. पेट्या परत आणल्या की आठ-दहा दिवसांत पुन्हा घरघर सुरू.

आता असा खटाटोप कोण करतो? माघार घेणारा, पण आपण परत येणार असं धरून चालणारा. श्पेअरनं १९४४ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधून पाय काढताना हेच मांडलं होतं: हा मुलूख आपण लवकरच परत घेणार, मग आपलेच कारखाने कशाला उडवायचे? तो पुढे म्हणाला की ती हिटलरला गुंडाळायची युक्ती होती. असेलही. पण बाई, युक्ती आणि धोरण यांचा कागद एकच असतो. शब्दही तेच, सहीही तीच. आतला माणूस काय म्हणत होता ते कागदावर उमटत नाही.

आता १९ मार्चच्या फर्मानाची सुरुवात बघा, लोक ती गाळून थेट विध्वंसाच्या वाक्यावर जातात. त्यात म्हटलंय की न उडवलेल्या किंवा नुसता लकवा आणलेल्या सोयी मुलूख परत घेतल्यावर आपल्याला वापरता येतील, हा समज चुकीचा आहे. म्हणजे हिटलर तिथे श्पेअरच्याच जुन्या मुद्द्यावर काट मारतोय. आणि अकरा दिवसांनी, ३० मार्चला, दुसरा हुकूम निघतो: अंमलबजावणी श्पेअरच्या मंत्रालयामार्फत, आणि उद्योगांच्या बाबतीत लकव्यानंही काम भागेल. मोठमोठ्या महत्त्वाच्या ठिकाणी पूर्ण विध्वंस, पण ती ठिकाणं कोणती हेही श्पेअर ठरवणार. आता मला सांगा, त्यानंतर त्यानं जे थांबवलं ते हुकूम मोडून की हुकुमानुसार? ३० मार्चनंतर तर त्याच्या खिशात साहेबाच्या सहीचा कागदच होता. धोका घेतला असेल तर तो मधल्या अकरा दिवसांत.

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो, नाव-गाव विचारू नका. लांबलेला संप होता. एका फिटरनं बॉयलरच्या कंट्रोल पॅनलमधलं एक कार्ड काढलं आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी नेलं. प्लँट बसला. युनियनच्या सभेत तो म्हणाला, "मी प्लँट बंद पाडला." सहा आठवड्यांनी संप मिटला, तेव्हा साहेबांसमोर तेच कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, "दंगेखोरांनी फोडलं असतं, मी सांभाळून ठेवलं." त्याला बढती मिळाली. कार्ड एकच, डबाही तोच. आणि गंमत म्हणजे तो दोन्हीकडे पूर्ण खोटं बोलला नव्हता.

आणखी एक. पुलांचं खापर किंवा श्रेय श्पेअरच्या खात्यावर टाकू नका. फर्मानातच वाटणी होती, वाहतूक आणि दळणवळण लष्कराकडे, कारखाने आणि पुरवठा पक्षाच्या गाउलायटरांकडे, म्हणजे त्यांच्या प्रांतप्रमुखांकडे. पूल तर सैन्य आधीपासूनच उडवत होतं. कोलोनचा होहेनझोलर्न पूल ६ मार्चला गेला, फर्मान यायच्या तेरा दिवस आधी. रूरच्या खोऱ्याचं म्हणाल तर १ एप्रिलला लिपस्टाट इथे अमेरिकन फौजा एकमेकींना भिडल्या आणि ते खोरं वेढलं गेलं. फर्मानापासून तेरा दिवस. एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात सुरुंग पेरायला स्फोटकं, गाड्या, पेट्रोल आणि माणसं लागतात, शिवाय डोक्यावर विमानं. आमच्याकडे एक युनिट ओव्हरहॉलला घ्यायचं तर तीन महिने आधी मीटिंगा सुरू व्हायच्या. उडवणं बांधण्याइतकं नाही, पण बऱ्यापैकी कष्टाचं काम आहे. ते करायला कोणी तयार नव्हतं, ना मालक, ना फोरमन, ना कामगार. उद्या त्यांना तिथेच काम करायचं होतं.

---

खडूधारी

पानापकडदादा, डब्यातलं कार्ड मी शनिवारी वापरणार, परवानगी गृहीत धरते. पण मग मधल्या अकरा दिवसांचं काय? तिथं तरी त्यानं काही केलं ना? आणि ते हिटलरचं प्रसिद्ध वाक्य, "युद्ध हरलं तर राष्ट्रही नष्ट होईल, मागे उरतील ते कमअस्सल, चांगले तर पडले", ते तर त्यानं श्पेअरच्या तोंडावर म्हटलं. मी ते फळ्यावर लिहायचे.

---

कागदकिडा

फळ्यावर लिहायला हरकत नाही, खाली "श्पेअरच्या पत्रातून" एवढं लिहा. ते वाक्य आपल्याकडे आलं ते त्याच्या २९ मार्च १९४५ च्या हिटलरला लिहिलेल्या पत्रातून. लघुलेखकाची नोंद नाही, दुसरा साक्षीदार नाही. हिटलर असं बोलू शकत होता याबद्दल फारसं दुमत नाही. पण बोलला असं सांगणारा एकच, आणि तो या नाटकातलं पात्र आहे. आणि ते पत्र हिटलरच्या हातात पडलंच नाही, हेही श्पेअरच सांगतो. हिटलरसाठी मोठ्या अक्षरांचा खास टाइपरायटर असायचा, त्यावर ते टाइप करून द्यायला चिटणिसांना मनाई झाली. मग तो स्वतः गेला, "मी बिनशर्त आपल्या पाठीशी आहे" म्हणाला आणि ३० मार्चचा हुकूम घेऊन आला. आता या प्रसंगाला बंड म्हणायचं की मुजरा, ते तुम्ही ठरवा.

मधल्या अकरा दिवसांबद्दल. त्यानं काहीच केलं नाही असं कोणी गंभीर अभ्यासक म्हणत नाही. १५ मार्चचं टिपण, म्हणजे १८ च्या रात्री हिटलरकडे नेलेलं, अस्सल आहे. त्यात चार ते आठ आठवड्यांत अर्थव्यवस्था पूर्ण कोसळणार हे स्पष्ट लिहिलंय, आणि लोकांच्या जगण्यावर घाव घालणारा विध्वंस करायचा आपल्याला अधिकार नाही हेही. मार्च १९४५ मध्ये हे कागदावर उतरवणं सोपं नव्हतं. तो रूरमध्ये गेला, मोडेलसारख्या सेनापतींशी बोलला, गाउलायटरांशी बोलला, हेही खरं.

पण त्याच टिपणाच्या मागोमाग, १८ मार्चला, त्यानं दुसरं एक टिपण लिहिलं होतं, ज्याचा उल्लेख तो पुढे सोयीनं विसरला. हाइनरिख श्वेन्डेमान या जर्मन इतिहासकारानं ते २००३ मध्ये नीट मांडलं. त्यात श्पेअर म्हणतो की मिळेल ते सगळं सैन्य ऱ्हाईन आणि ओडरवर आणा, काही आठवडे चिवटपणे तग धरला तर शत्रूला आपल्याबद्दल आदर वाटेल आणि शेवट कदाचित आपल्या बाजूनं लावता येईल. त्या काही आठवड्यांत आणखी किती माणसं मेली असती याचा हिशेब त्यात नाही. आता दोन्ही टिपणं शेजारी ठेवून वाचा. यंत्रं वाचवायची आणि लढाई लांबवायची, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींच्या आड येत नव्हत्या. पानापकड यांचा लकवा इथे चपखल बसतो: कारखाने नंतर लागणार आहेत, कारण "नंतर" आपलंच असेल.

सरळसोट यांच्या निकालपत्राबद्दल. न्यायाधीशांनी तसं लिहिलं हे खरं. पण १९४६ मध्ये त्यांच्यासमोर काय होतं? श्पेअर, त्याची कागदपत्रं आणि त्याच्या बाजूचे साक्षीदार. गोष्ट सांगायची सवय तर त्याला मे १९४५ पासूनच लागली होती. अटकेआधीच ग्ल्युक्सबुर्गच्या किल्ल्यात अमेरिकन बाँबहल्ला-पाहणीचे लोक त्याला भेटायला आले, आणि त्यानं त्यांना प्राध्यापकासारखं समजावून सांगितलं की तुमचे बाँब कुठे लागले आणि कुठे फुकट गेले. तुरुंगात जायच्या आधीच "समजूतदार तंत्रज्ञ" ही भूमिका बसली. मग ३ जानेवारी १९४६ ला कोर्टात, एसएसचा अधिकारी ओलेंडॉर्फ याची साक्ष चालू असताना, श्पेअरच्या बाजूनं प्रश्न आला की त्यानं हिटलरला मारायचा बेत केला होता हे तुम्हाला माहीत आहे का? साक्षीदाराला माहीत नव्हतं. बेत काय, तर बंकरच्या हवेच्या झरोक्यात विषारी वायू सोडायचा. जमलं का नाही, तर झरोक्यावर उंच धुराडं बांधलं गेलं. बास. सहआरोपी गोअरिंग संतापला, बाकीचे चकित झाले, आणि न केलेल्या गोष्टीचं श्रेय नोंदलं गेलं.

त्याच्या शब्दाची किंमत काय, यासाठी एक उदाहरण पुरे. ६ ऑक्टोबर १९४३ ला पोझनमध्ये एसएसचा प्रमुख हिमलरनं पक्षाच्या पुढाऱ्यांना ज्यूंच्या संहाराबद्दल उघड सांगितलं. श्पेअर आयुष्यभर सांगत राहिला की भाषणाच्या वेळी मी तिथे नव्हतो, आधीच निघालो होतो. २००७ मध्ये त्याचंच २३ डिसेंबर १९७१ चं खासगी पत्र बाहेर आलं. त्यात लिहिलंय, मी तिथे होतो, यात शंका नाही.

आणि फ्रिट्झ साउकेल, सक्तीच्या मजूरभरतीचा प्रमुख. किती मजूर हवेत तो आकडा श्पेअर सांगायचा, साउकेल युरोपभरातून माणसं पकडून आणून द्यायचा. साउकेलला १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी झाली. तो गावंढळ होता, कोर्टात ओरडायचा. श्पेअर शांत, नीट कपड्यांतला, "सामूहिक जबाबदारी" स्वीकारणारा. मागणी करणारा जगला, पुरवठा करणारा गेला.

---

सरळसोट

पत्राचं माहीत नव्हतं. ते घेतो. पण माझा मुद्दा शिल्लक आहे. हेतू काय होता ते देव जाणे, वीजकेंद्र तर उभं राहिलं ना? १९४५ च्या हिवाळ्यात तिथल्या बाईला दिवा लागला तर ती काय विचारणार आहे, बटण कोणी वाचवलं आणि कशासाठी? पॅरिसचंही तसंच. तिथला जर्मन लष्करी प्रमुख फॉन शोल्टिट्झ याला ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस उद्ध्वस्त करायचा हुकूम होता. त्यानं केलं नाही, २५ तारखेला शरण गेला. नंतर त्यानंही स्वतःला तारणहार म्हणवून घेतलं. घेऊ दे. शहर उभं आहे.

---

पानापकड

शहर उभं आहे, मान्य. पण तुम्ही "दिवा लागला" म्हणालात म्हणून सांगतो. लावला कोणी? गव्हर्नर परत बसवणारा फिटर, पेट्या लपवून ठेवणारा स्टोअरकीपर, सुरुंग लावायला आलेल्या पोरांना "चावी माझ्याकडे नाही" म्हणणारा शिफ्ट इंजिनियर. मंत्र्याचं परिपत्रक त्यांच्या कामी आलं असेल, साहेबाचा कागद दाखवता आला की छाती जरा फुगते. तेवढं मी श्पेअरला देतो. माझ्या हिशेबात त्याचा वाटा परिपत्रकाएवढा, आणि परिपत्रकाला मी कमी लेखत नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण पुस्तक एकानंच लिहिलं, आणि रॉयल्टीही एकालाच मिळाली.

शोल्टिट्झचं बघा: शहरात लोक उठले होते, समोर फ्रेंच सेनापती लक्लेर्कची चिलखती फौज, हाताशी माणसं आणि स्फोटकं अपुरी. त्यानंही जमत नव्हतं ते केलं नाही.

---

कागदकिडा

सरळसोट, तुमच्या प्रश्नाला एक नाव देतो. रोबेर्ट लिम्पर्ट, आन्सबाख, १८ एप्रिल १९४५. वय १९. अमेरिकन रणगाडे गावाच्या वेशीवर आले होते, आणि गावाचा लष्करी कमांडंट कर्नल मायर गाव शेवटपर्यंत लढवणार म्हणून अडून बसला होता. या पोरानं गाव न लढता सुपूर्द करा अशी पत्रकं लावली आणि त्या दिवशी कमांडंटच्या ठाण्यावरून आघाडीकडे जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा तोडल्या. ते ठाणं आधीच हलवलेलं होतं, म्हणजे तारा तोडूनही उपयोग नव्हता. दोन पोरांनी त्याला पाहिलं आणि कळवलं. मायरनं काही मिनिटांत खटला उरकला. नगरभवनाच्या दारात फास लावताना तो निसटला, धरून आणला, पहिल्यांदा दोर तुटला, दुसऱ्यांदा लटकवला. मायर स्वतः गाव सोडून पळाला, आणि काही तासांत अमेरिकन आत आले.

त्याच्या तारा तोडण्यानं काहीच वाचलं नाही. निकालावरून मोजायचं ठरवलं तर श्पेअरचं पारडं जड.

---

सरळसोट

हे वाचून गप्प बसलोय. पटलं असं लगेच म्हणणार नाही.

---

खडूधारी

सगळ्यांचे आभार. शनिवारचं टिपण बदललंय. फोटोपासून सुरू करणार, मग १५ आणि १८ मार्चची दोन्ही टिपणं शेजारी, मग ३० मार्चचा हुकूम आणि डब्यातलं कार्ड. "मोडला का?" याला माझं उत्तर असं की अकरा दिवस थोडाफार अडवला, मग वाकवून घेतला, आणि नंतर वीस वर्षं तुरुंगात बसून मोडला.

कागदकिडा, एक शंका. लिम्पर्टचं मी शेवटी सांगणार आहे, आणि तिथं कुणीतरी हात वर करणारच. हे सांगितलं कोणी?

---

कागदकिडा

ज्यांनी पाहिलं त्यांनी. युद्धानंतर मायरवर खटला चालला, त्याला तुरुंगवास झाला, त्यात साक्षी झाल्या. लिम्पर्टचं स्वतःचं त्या दिवसाबद्दल काही नाही.